शेवटचा अर्धा वेढा

अक्का, तुझ्या तेराव्याला फोटोशेजारी जी समई लावली ती आपली नव्हती. सेल्वमची होती. तीन पिढ्या पितळी समया करणाऱ्या घरात समोरच्या दुकानदाराची समई. आलेल्या निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलं. पण ती बदलायची कशी? सात वर्षांपूर्वी तूच ती आणून देवघरात ठेवली होतीस. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली होतीस, "दुकान कोणाचं ते देवाला कुठं ठाऊक."

कोणीतरी पुसायला म्हणून समई सुटी केली होती आणि घाईघाईत जोडली होती. वरचा हंस किंचित डुलत होता. मंत्र चालले होते, आणि मी, तुझा सख्खा धाकटा भाऊ, तुझ्या फोटोकडे न बघता त्या हंसाकडे बघत होतो. तुला यात नवल वाटणार नाही. शेवटी राहवेना, म्हणून हात पुढे केला. तेवढ्यात मागे बसलेला सेल्वम हळूच म्हणाला, "अण्णा, अजून अर्धा वेढा राहिलाय. तो दिला की बसेल."

दिला. बसला.

पानं उठल्यावर त्याने मला ओसरीवर एका बाजूला नेऊन जे सांगितलं, त्यामुळे मी आज लिहायला बसलो. पुण्याच्या मराठीत लिहितोय, कारण आपली कुंभकोणमची घरची बोली मला बोलता येते, लिहायला लागलो की हात अडतो. पुण्याच्या कारखान्यात काढलेल्या चार वर्षांची ही एवढीच कमाई. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "हे कोण पाहुणे बोलताहेत आमच्या घरांत?"

सांत्वनाला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "तुझी अक्का मोठी धाडसाची." मी मान हलवतो. पण धाडस म्हणजे तुझ्या आत नेमकं काय चालायचं, हे मला कधी कळलं नाही, आणि आता विचारायला तू नाहीस. दारासुरमला जायचं असलं की तू स्टँडवर आलेल्या पहिल्या टाउन बसमध्ये चढायचीस आणि आत गेल्यावर कंडक्टरला विचारायचीस, ही कुठे जाते. मी खाली उभा राहून पाटी वाचत असायचो. दोनदा तू भलतीकडे गेलीस. एकदा तर तिरुनीलक्कुडीला उतरलीस, आणि परत येताना तिथल्या देवळाच्या गुरवाकडून अकरा समयांची ऑर्डर घेऊन आलीस. मी योग्य बस पकडून दारासुरमला वेळेवर पोचलो होतो. माझ्याकडे ऑर्डर नव्हती.

गोविंदपुरमचं ते भजन आठवतं? पुढचं पद कोण उचलतं म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि तू उचललंस. इतक्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या ओळीला शंभर माणसांचे गळे चिरकले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तू हसलीस, टाळ थांबवलेस, दोन सूर खाली उतरलीस आणि पुढे चालू केलंस. घरी येताना मी म्हटलं, आधी पट्टी बघून घेतली असती तर? तू म्हणालीस, "चुकलं तर खालीं उतरायचं. त्यांत काय? कोणी उचललंच नसतं तर अवघे अजून बसले असते."

मला तू 'मोजपट्टी' म्हणायचीस. "काय मोजपट्टी, जेवलास कीं अजून मोजतोस?" पुढे दुकान तुझं आणि मागची शेड माझी, असं अप्पांनी जाताना ठरवून दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. तुला गिऱ्हाईक कळायचं, मला पितळ.

आपला जन्मभराचा वाद एकच. मी म्हणायचो, धंद्यात दुसऱ्याने जावं. पहिला जातो तो खड्डे शोधतो, दुसरा ते चुकवून चालतो. तू म्हणायचीस, "आणि पहिला कोणीच निघाला नाहीं तर? तुम्ही दुसरे कोणाच्या मागून जाणार रे?" यावर मी लेथ सुरू करायचो. लेथच्या आवाजात तू बोलायची नाहीस.

आता त्या गोष्टीकडे येतो. नऊ वर्षं येत नव्हतो.

आपल्या गावात समई कशी व्हायची ते तुला सांगायला नको, पण मला पहिल्यापासून सांगायचंय. बूड, दांडी, तबक आणि शेंड्याचा हंस असे चार तुकडे. ओतीव काम एका घरी, लेथ दुसऱ्या घरी, पॉलिश तिसरीकडे. आटे प्रत्येक कारागीर आपल्या हाताने पाडणार आणि प्रत्येक समईचे तुकडे एकमेकांत कानस मारून बसवणार. मग आतल्या बाजूला खुणा. या समईला एक चीर, त्या समईला दोन, तिसरीला फुली. एका समईचा हंस दुसऱ्या समईवर चढत नाही. चढला तर तो आमच्यात कमीपणा समजायचे, हात सैल आहे म्हणायचे. अप्पा समई तपासताना हंस सावकाश फिरवायचे. पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत तो तुपातून फिरल्यासारखा गेला पाहिजे. मध्ये जरा डुलला तर समई परत.

त्या दोघी बहिणी आल्या होत्या बघ, एकाच मांडवात लग्न झालेल्या. दोघींच्या समया घासायला काढल्या आणि तुकडे अदलाबदल झाले. सहा महिने दोन्ही घरांत समई लागली नाही, आणि सासवांनी त्यातून काय काय अर्थ काढले होते. तू दुकानात हसून हसून डोळे पुसलेस. मी दोन मिनिटांत खुणा बघून जोड्या लावून दिल्या आणि सहज बोलून गेलो, पुण्यात असं झालं नसतं.

"कां?"

"तिथे कुठलाही नट कुठल्याही बोल्टवर चढतो. सगळे आटे एकाच मापाशी, गेजशी, ताडून करतात. वाटेत जरा खेळ असतो, शेवटी घट्ट बसतो."

तू तिथेच थांबलीस. मी तुझं ते थांबणं ओळखत होतो आणि मला भीती वाटायला लागली होती. दुपारी तू शेडमध्ये आलीस, पॉलिशवाल्या मुरुगेसन अण्णांना आणि मला समोर बसवलंस.

"मज सांग भीमू, कुठलाही हंस कुठल्याही समईवर चढला तर काय होईल?"

"आपली अब्रू जाईल," मी म्हटलं.

"ते सोड. गिऱ्हाईक काय करेल? आज हंस नेईल. पुढल्या वर्षीं मोर हवा म्हणेल. मुलीच्या लग्नांत दांडी उंच हवी, तर नुसती दांडी नेईल. मोडलं तर तेवढंच नेईल. आतां काय करतो? मोडली तर मोडीत घालतो आणि स्टीलची घेतो."

मुरुगेसन अण्णांनी सुपारी गालात सरकवली. "आणि अक्का, एकदा सगळ्यांचे आटे सारखे झाले की समोरचा सेल्वमही तोच हंस विकेल. तुझ्या समईवर त्याचा हंस. मग?"

"मग माझा हंस त्याच्या समईवर," तू म्हणालीस. "त्याचीं गिऱ्हाइकं जास्त आहेत."

अण्णा इतके हसले की सुपारी बाहेर आली. मी नाही हसलो. मला तेव्हा आणखी एक गोष्ट टोचली होती, ती आज लिहितो. कल्पना माझ्या तोंडून निघाली होती. चार वर्षं ती माझ्या हातात होती, मी रोज गेज हाताळत होतो, आणि मला ती कधी सुचली नाही. तुला एका वाक्यात सुचली. आपल्या ताटातलं कोणी उचलून खाल्लं, आणि आपल्याला भूक होती हेसुद्धा तेव्हाच कळलं, असं काहीसं वाटलं.

तू पुढे काय केलंस ते मी लांबून बघत राहिलो. कोईमतूरला जाऊन पोलादी गेज करून आणलंस. नारळाएवढी जड वस्तू असेल असं अण्णांना वाटलं होतं, तर निघाली मुठीत मावणारी एक कडी. तिथल्याच एका व्यापाऱ्याला गाठलंस, त्याची तीन-चार गावांत दुकानं होती. दोनशे समया, कार्तिगै दीपमच्या, दिव्यांच्या सणाच्या, आधी. त्या वर्षी शेडमधले दोन्ही लेथ तू त्याच कामाला लावलेस. नेहमीच्या मंडळींना सांगितलंस, यंदा जमणार नाही. मी विचारलं, हे फसलं तर सीझन गेला ना? तू म्हणालीस, "एक सीझन जाईल. आपण नाहीं जाणार." तेव्हा तू घाबरली होतीस का, अक्का? मला खरंच जाणून घ्यायचंय. तुझा आवाज नेहमीसारखा होता. पण त्या महिन्यात तू रोज संध्याकाळी शेडमध्ये येऊन एक तुकडा हातात घ्यायचीस, फिरवायचीस आणि ठेवून जायचीस.

पहिल्या दहा समया मी गेजवर बरोबर केल्या. हंस चढवला. वाटेत डुलला, शेवटच्या अर्ध्या वेढ्याला दांडीच्या खांद्यावर टेकला आणि घट्ट बसला. जसं व्हायला हवं होतं तसंच. पुण्याच्या फोरमनने पाठ थोपटली असती.

मला ते बघवेना. गिऱ्हाईक हातात घेईल, फिरवेल, तो डुलेल, आणि म्हणेल, कुंभकोणमच्या रावांचा, म्हणजे आपल्या घराचा, हात गेला. मला दिसत होतं ते एवढंच. म्हणून अकराव्या समईपासून मी दांडीचे आटे गेजपेक्षा केसभर जाड ठेवले आणि एकेक दांडी तिच्या तबकात, एकेक हंस त्याच्या दांडीत कानस आणि एमरीची पूड लावून हाताने बसवला. एकशे नव्वद समया. बोटांची सालं गेली. तुपातून फिरल्यासारखा एकेक तुकडा. अप्पांनी डोळे मिटून घेतल्या असत्या.

खुणा मात्र केल्या नाहीत. खुणा दिसल्या असत्या तर तुला कळलं असतं.

हे आजवर मी स्वतःशीसुद्धा असं सांगत आलो की मी विचारच केला नाही. खोक्यांत तुकडे त्याच क्रमाने रचले होते, तिकडे त्याच क्रमाने काढतील, असं मनाला पटवलं होतं. अक्का, ते खरं नाही. बुडं एका खोक्यात, दांड्या दुसऱ्या, हंस-मोर तिसऱ्या, आणि दुकानात गिऱ्हाईक हवं ते उचलणार, हे तूच मला दहा वेळा सांगितलं होतंस. मला माहीत होतं. कानस फिरवताना, एमरी पुसताना, खोकी बांधताना, माहीत होतं. मला तू बुडायला नको होतीस. मला फक्त असं हवं होतं की सैल काम आपल्या शेडमधून बाहेर जाऊ नये, आणि एकदा तरी मोजपट्टी बरोबर ठरावी. या दोन्हींसाठी तू बुडणं भाग होतं, एवढं गणित मला येत होतं.

कोईमतूरहून फोन आला तो तू दुकानात घेतलास. त्या व्यापाऱ्याचा आवाज मला आत ऐकू येत होता, तुकडे एकमेकांवर चढत नव्हते. तू फक्त "सरी, सरी", बरं, बरं, म्हणत होतीस. सकाळच्या बसने गेलीस. त्यांच्या गोदामात दिवसभर जमिनीवर बसून जोड्या जुळवत राहिलीस. सत्तरएक जुळल्या. बाकीच्या परत आल्या. तुझे तळवे काळे झाले होते, अंगठ्याला फोड होता. मी लेथपाशी उभा होतो. मी खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात झालं असतं.

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "गेज चुकलं असेल माझं."

"असेल," मी म्हणालो.

त्या एका शब्दावर मी नऊ वर्षं जगलो.

परत आलेल्या समया मी महिनाभर बसून जुळवल्या, चिरा मारल्या, आणि त्या पुढल्या वर्षी नेहमीसारख्या विकल्या गेल्या. लोक म्हणाले, काम काय सुंदर आहे. तू त्यानंतर नवीन काही काढलं नाहीस. निदान मला तसं वाटलं. आयुधपूजेला सगळी हत्यारं मांडून तू गंध लावायचीस, त्यात पहिल्या वर्षी ते गेजही होतं. त्याच्या पुढच्या वर्षी नव्हतं. मी मनात म्हटलं, टाकलं असेल कुठेतरी, आणि, लाज वाटते लिहायला, मला हायसं वाटलं. मी विचारलं नाही.

मग सेल्वमच्या दुकानात त्या समया आल्या. कोणताही हंस, कोणतीही दांडी. गिऱ्हाइकांची गर्दी. लोक वाटेत डुलणारा हंस फिरवून बघायचे आणि हसायचे, मुलं तर मुद्दाम फिरवायची. कोणीही म्हणालं नाही की सेल्वमचा हात गेला. तू त्यातली एक समई आणून देवघरात ठेवलीस. आणि मी, अक्का, मी तुला म्हणालो, "बघ, दुसऱ्याने जावं म्हणतात ते असं." तू वात वळत होतीस. वळत राहिलीस. आता ते आठवलं की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

तेराव्याला सेल्वमने खिशातून रुमाल काढला. रुमालात ते गेज होतं.

"अक्कांनी दिलं होतं," तो म्हणाला. "आठ वर्षं झाली. स्वतः दुकानात आल्या. मला वाटलं भांडायला आल्या, कारण मी दिव्यांचे भाव पाडले होते. तर हे पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, हे बरोबर आहे, मी पुन्हा तपासून आणलंय. आमच्याकडे होणार नाही, तू करून बघ."

मी विचारलं, "होणार नाही, असं का म्हणाली?"

सेल्वम रुमालाची घडी घालू लागला. त्याला ते जड जात होतं. "म्हणाल्या, माझ्या भावाचा हात यासाठी फार चांगला आहे."

म्हणजे तुला कळलं होतं. गोदामात बसून जोड्या लावताना कळलं असणार. इतकी वर्षं दुकानात समया विकून कानशीचा हात ओळखणार नाहीस, असं मला वाटलंच कसं? "गेज चुकलं असेल," हे तू मला विचारत होतीस. मला उत्तर द्यायला एक संधी देत होतीस, आणि मी "असेल" म्हणालो.

"बदल्यात काय मागितलं?" मी सेल्वमला विचारलं.

"पहिल्या खेपेतली एक समई. आणि तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. मी गेले की परत दे म्हणाल्या. तेव्हा तर चांगल्या धडधाकट होत्या, मी हसलो."

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. माझ्या अपराधाचं जे व्हायचं ते होवो, त्याच्याशी मी इतकी वर्षं राहिलोय. मला कुतूहल आहे ते तुझं. स्वतःची कल्पना उचलून समोरच्या दुकानदाराला देताना तुझ्या मनात काय होतं? मला शिक्षा द्यायची होती? तसं असतं तर तू ते गाजवलं असतंस. दमली होतीस? दमलेलं माणूस गेज पुन्हा तपासून आणत नाही. की तुला खरंच फक्त एवढंच बघायचं होतं, की हे होतं की नाही? कोणाच्या का हातून होईना? मी आपला पहिला-दुसरा मोजत बसलो, आणि तुझ्या लेखी बहुतेक ती रांगच नव्हती. सेल्वमने धोका पत्करला तो तू आधी पत्करून झालेला होता. मी दुसरा कधी नव्हतोच. दुसरा तो होता. मी वाटेत उभा होतो.

आणि मला न सांगण्याबद्दल. मला वाचवलंस, की माझी वाट बघत होतीस? आठ वर्षं सकाळी चहा देताना "काय मोजपट्टी" म्हणायचीस, त्यात काही होतं का? मी पुन्हा पुन्हा तो आवाज आठवून बघतो. नेहमीसारखाच येतो.

काल दुपारी शेडमध्ये गेलो. मुरुगेसन अण्णा आता थकलेत, तरी येऊन बसतात. मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी तोंडाने सांगितलं. धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते म्हणाले, "तंबी, त्या वर्षी पॉलिश मीच केलं होतं. तुकडे माझ्या हातातून गेले." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आपण तिघं एका शेडमध्ये किती गप्प बसलो होतो.

मग मी ते गेज घेतलं आणि एक हंस केला. आपल्या साच्यातला, अप्पांच्या वेळचा, मान जरा जास्त वाकलेला. आटे गेजवर पाडले, केसभरही जास्त नाही. कानस शेजारीच होती. अण्णा माझ्या हाताकडे बघत होते.

हंस घेऊन घरी आलो. देवघरातल्या सेल्वमच्या समईवरचा त्याचा हंस काढला आणि आपला चढवला. पहिल्या वेढ्याला डुलला. दुसऱ्याला डुलला. माझा हात आपोआप थांबला, हे तुला सांगायलाच हवं. मग मी फिरवत राहिलो. शेवटच्या अर्ध्या वेढ्याला तो टेकला आणि बसला.

अण्णांनी विचारलं होतं, दोनशे करायचे का असे. मी म्हटलं, करू. सेल्वमची गिऱ्हाइकं जास्त आहेत.